उकिरड्यातला शालू

अरे, इंग्रजाच्या राज्यात बऱ्हाणपुरात सगळ्यात पक्की जागा कोणती होती, सांगा बरं? किल्ला नाय, सरकारी खजिना नाय, सावकाराची तिजोरी तर नायच नाय. सगळ्यात पक्की जागा म्हणजे इतवारा पेठेत लोटू तारकशाच्या घरामागचा उकिरडा! कारण काय, तर त्याला कोणी हातच लावत नव्हतं. गावची कमेटी, म्हणजे आपली म्युनिसिपालटी हो, तिची कचऱ्याची गाडी त्या बोळात कधी फिरकायचीच नाय. लोटूची मोठी बहीण धुरपदाबाई नवरा गेल्यावर माहेरी आली तेव्हा तो उकिरडा गुडघ्याएवढा होता. आता तो भिंतीवरून पलीकडं डोकावून राहिला होता. धुरपदाबाई रोज सकाळी केराची टोपली त्याच्यावर उपडी करायची आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडायची, "काय रे कमेटीवाल्यांनो, तुमचे बैल काय काशीला गेले का?" हे झाल्याशिवाय तिला चहाच गोड लागत नव्हता.

लोटूला एकच पोरगी, कोकिळा. तिचं लग्न ठरलं होतं, तुकईथडला, वैशाखात. आणि या कोकिळेला जगात फक्त एक गोष्ट पाहिजे होती. आईचा शालू.

त्या शालूची पण गोष्ट आहे. लोटू तारकश, म्हणजे चांदीच्या कांडीवर सोन्याचं पान चढवायचं आणि लोखंडी जंतराच्या बारीक बारीक भोकांतून ओढून ओढून तिची केसासारखी तार, म्हणजे शालूची जर, करायची, हे त्याचं काम. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा दिवसभर मालकाची तार ओढायची आणि हात दुखत असले तरी मंग घरी येऊन होणाऱ्या बायकोच्या शालूची, असं त्यानं केलं. काठ असा भारी की शालूची घडी घालून ठेवली तरी ती उभी राहायची! मागच्या मरीत, म्हणजे प्लेगात, कोकिळेची आई गेली, काखेत गाठ आली आणि गेली. जाताना एवढंच बोलली, "कोकी बोहल्यावर माझ्याच शालूत उभी राहील ना वो?" लोटूनं हाव म्हटलं. बस, तेवढंच. तेव्हापासून कोकिळा सठी-सामाशी तो शालू काढायची, उन्हात धरायची, वास घ्यायची, परत ठेवायची.

तर त्या साली पौषात परत उंदीर पडायला लागले. आज याच्या कोठीत, उद्या त्याच्या माळ्यावर. लोकांना बरोबर समजलं. जो तो चूल-बोळकी बांधून शेतात झोपड्या टाकायला निघाला. गाव रिकामं झालं की पाठोपाठ चोर येतात, हे पण सगळ्यांना माहीत होतं. लोटू गाडीत सामान भरता भरता म्हणाला, "अक्का, शालूचं काय करायचं?"

"केलं," धुरपदाबाई म्हणाली.

"काय केलं?"

"हे बघ. पेटीत ठेवला तर चोर पेटीच उचलते. जमिनीत पुरला तर चोर पहिले जमीनच ठोकून बघते. झोपडीत नेला आणि चुलीची एक ठिणगी उडाली, तर खलास. म्हणून मी त्याला मडक्यात घातला, तोंडाला मेणकापड बांधलं, आणि..." तिनं हनुवटीनं मागच्या अंगाला दाखवलं.

कोकिळा हातातलं बोचकं टाकून पुढं आली. "आत्या! आईचा शालू? उकिरड्यात?"

"मडक्यात आहे ना गं! पार खाली, भिंतीच्या अंगाला. वरून केळीची सालं, राख, फुटकी घागर, सारं लोटून दिलं. चोराचा बाप पण तिथं हात घालणार नाय. आणि कमेटी? कमेटीनं वीस वर्षांत घातला नाय, आता काय घालते!"

लोटू हसायलाच लागला. "अक्का, तू वकील व्हायला पाहिजे होती." आणि खरं सांगू, कोकिळेला पण ते पटलं. नाक मुरडून पटलं, पण पटलं.

ते गेले निंबोल्याला, चुडामण पाटलाच्या शेतात. कपाशी वेचून झाली होती, वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला झोपड्यांची ओळ. काम नाय, धंदा नाय, बसून बसून माणसाचं डोकं सडते. अशात एक दिवस कमेटीचा यादव जमादार चार रिकाम्या बैलगाड्या घेऊन आला. मिशा अशा पिळलेल्या, जसा काही लढाईवर निघाला.

"पाटील, पऱ्हाट्या पाहिजेत! जेवढ्या असतील तेवढ्या!"

चुडामणची बायको मालूबाई म्हणाली, "न्या ना बापा, नाय तरी आम्ही जाळूनच टाकणार. पण कमेटीला कशाला? कमेटी काय भाकरी भाजून राहिली का?"

मंग यादव जमादारानं जे सांगितलं ते ऐकायला साऱ्या झोपड्यांतली माणसं गोळा झाली. कमेटीनं वेशीबाहेर, तुकईथडच्या वाटेवर, कचरा जाळायची भट्टी बांधली होती! गोल, जाड विटांची, आत लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला खोल राखखाना, वर ताडासारखं उंच धुराडं. साहेब लोकांनी नकाशा दिला, गवंडी आपलेच. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत मात्र नुसती फजिती. गाडीवाल्यांनी केळीचे ओले खांब, ओली पानं, सारं त्यात कोंबलं. जाळ कुठला, धूरच धूर! लोक तिला कमेटीचा हुक्का म्हणायला लागले.

"आता तसं नाय," यादव जमादार म्हणाला. "आता पहिले कचरा उन्हात पसरतो, कडक वाळवतो. खाली पऱ्हाट्यांचा थर, वर कचरा, परत पऱ्हाट्या. राखखान्याचं दार उघडं ठेवलं की वारा खालून असा ओढते, असा ओढते, की भट्टी वाघासारखी गुरगुरते! त्या जाळातून मरी काय, मरीचा बाप बी जिवंत निघत नाय!"

धुरपदाबाई झोपडीच्या दारातून ओरडली, "लय फुशारक्या मारू नको जमादारा! पहिले आमच्या बोळात येऊन दाखव! वीस वर्षं झाली, तुझ्या गाडीचं चाक दिसलं नाय!"

सारे हसले. यादव जमादारानं पागोटं सावरलं. "येतो धुरपदामाय! वचन! पहिले तुमचाच बोळ!"

"हा काय येते!" धुरपदाबाई मालूबाईला म्हणाली, आणि विषय संपला.

आणि कोकिळा? तिला तर हाताला काम पाहिजेच होतं. तिनं त्याच दिवशी पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधायला घेतल्या. बापाला तार गुंडाळताना बघितलेली पोरगी ती, तिची मोळी म्हणजे अशी घट्ट की बैलानं पाय दिला तरी सुटायची नाय. गाड्या येत राहिल्या, ती बांधत राहिली. संध्याकाळी गावाच्या अंगाला आभाळात नुसती पातळ निळी रेघ दिसायची, धूर म्हणावा तर धूर पण नाय.

चैतात ऊन तापलं, मरी हटली, लोक आपापल्या घरी परतले. लोटूच्या घराचं कुलूप जसंच्या तसं. चोर आलेच नव्हते. कोकिळा सामान टाकून थेट मागच्या दारी पळाली.

आणि तिथं भिंत होती.

अरे, नुसती भिंत! कोकिळेनं जन्मात ती भिंत बघितली नव्हती. तिच्यात एक कोनाडा होता, तो पण कोणाला माहीत नव्हता. खाली झाडून काढलेली, चुना मारलेली पांढरी जमीन. एक केळीचं साल नाय. शेजारची सरुबाई पण त्याच दिवशी परतलेली, ती कौतुकानं म्हणाली, "धुरपदाबाई, शेवटी तुमच्या तोंडाला यश आलं हो! कमेटीनं सारं उचलून नेलं!"

धुरपदाबाई मागून आली, भिंत बघितली आणि जिथं उभी होती तिथंच खाली बसली. म्हणाली, "मीच बोलावलं गं त्याला. मीच म्हटलं, येऊन दाखव."

कोकिळा रडली नाय. चुन्यावर तिच्या पायाचे ठसे उमटले होते, ती त्यांच्याकडंच बघत उभी राहिली. लोटूनं पायात जोडा घातला आणि म्हणाला, "चला."

भट्टीपाशी यादव जमादार खाटेवर बसून होता. धुरपदाबाईला बघून तो खुशीनं उभाच राहिला. "काय धुरपदामाय! केलं का नाय वचन पुरं? पहिलाच बोळ, पहिलीच गाडी!"

"मडकं!" धुरपदाबाई ओरडली. "मडकं कुठं आहे माझं?"

"कसलं मडकं?"

"उकिरड्यातलं!"

"उकिरड्यातलं मडकं कोणी परत मागते का वो?"

मंग कोकिळेनंच सारं सांगितलं, हळू आवाजात. यादव जमादाराची मिशी खाली आली. "पोरी, सारंच्या सारं गेलं गं भट्टीत. साहेबाचा हुकूमच होता, मरीच्या गल्लीतलं काही उकलून बघायचं नाय, जसं आहे तसं आत."

भट्टीवर जाळ घालणारा भिकन जाळ हलवायची सळई धरून लांब उभा होता. गावात तो असाच राहायचा, लोकांपासून चार हात लांब. त्यानं मान खाली घातली. त्यानंच ती गाडी आत लोटली असणार.

पण लोटू भट्टीच्या दाराला बघायचं एक भोक होतं तिथं गेला, पागोट्याचं टोक तोंडावर धरलं आणि डोळा लावला. किती वेळ! कोकिळेला वाटलं, बा आता रडून राहिला. आणि लोटू वळला तर त्याचा चेहराच वेगळा.

"जमादार, असा जाळ रोज असते का?"

"माघापासून असाच. का?"

"अक्का, जाळ लाल नाय. पिवळा आहे, आणि मधी पांढरा." तो हातवारे करून सांगायला लागला. "लाल जाळात काठ जळला ना, तर तार काळी होते, तुटते, राखेत मिळते, उडून जाते. हातात काही येत नाय. पण या जाळात मडकं तडकते आणि चांदी थांबतच नाय. पाणी होते! आणि पाणी झालं की ते कुठं जाईल? खाली! जाळीतून खाली राखखान्यात. कोकी, रेशीम गेलं गं, पण तुझ्या आईची चांदी..."

त्यानं बोटानं राखखान्याकडं दाखवलं.

यादव जमादार म्हणाला, "असा जाळ पऱ्हाट्यांमुळं आहे, लोटूभाऊ. निंबोल्याच्या मोळ्या. काय घट्ट बांधतात तिथं!"

कोकिळेनं आपल्या हातांकडं बघितलं. पऱ्हाट्यांनी ओरबाडलेले हात अजून बरे झाले नव्हते.

भिकन पहिल्यांदा बोलला. "राख मी रोज ओढतो जी. चांदी नाय दिसली. पण खालच्या विटांच्या सांध्यात फटी पडल्या आहेत. तिथं काही मुरलं असलं तर दिसणार नाय. आत शिरून खरवडावं लागेल. म्हणजे भट्टी विझवावी लागेल."

"बिलकुल नाय!" यादव जमादार दोन्ही हात हलवत म्हणाला. "थंड व्हायला एक दिवस, एक रात्र. तोवर साऱ्या इतवाऱ्याचा कचरा कुठं टाकू मी? आजच्या गाड्या भरून उभ्या आहेत. लोक मला खातील! कोणाच्या दारात टाकू, सांगा?"

भट्टी गुरगुरत होती. आणि धुरपदाबाईनं पदर खोचला.

"माझ्या," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या दारात टाक. साऱ्या गाड्या."

अरे, काय तमाशा झाला असेल इतवाऱ्यात! वीस वर्षं जी बाई कचऱ्यासाठी कमेटीला शिव्या देत होती, तिच्याच दारात कमेटीच्या गाड्या एकामागं एक येऊन उभ्या! केळीची पानं, शेण, चिंध्या, काय नाय त्यात! यादव जमादारानं मात्र अट घातली होती, गाडीतलं खाली उतरवायचं नाय आणि वरून चुना मारायचा. लोक माळ्यावरून डोकावून विचारायला लागले, "काय धुरपदाबाई, करमत नव्हतं का उकिरड्यावाचून?"

"हाव, नाय करमत!" ती खालून ओरडली. "तुला वास येऊन राहिला तर नाक धर, तोंड कशाला उघडते!"

सांजेला कोकिळा ओट्यावर त्या गाड्यांकडं बघत बसली. वास तोच होता. लहानपणापासूनचा. आणि तिला एकदम आठवलं, आई गेली त्या साली पहिला मेलेला उंदीर आपल्याच उकिरड्यात सापडला होता. आत्यानंच चिमट्यानं उचलून लांब फेकला होता. आणि मंग पाचव्या का सहाव्या दिवशी आईला ताप. तेव्हा कोणाला काय माहीत! तिनं बोळात नजर फिरवली. सरुबाईच्या घरी चूल पेटली होती. समोरचा म्हातारा खोकत होता. पलीकडं पाळणा हलत होता, करकर करकर. मागच्या मरीनंतर या बोळात तीन दारं बंद पडली होती. या वेळी साऱ्यांच्या घरात दिवे होते. एकाही नाय, अरे एकाही दाराला कुलूप नव्हतं!

धुरपदाबाई शेजारी येऊन बसली. तिलाही तेच दिसत असणार, कारण ती बोलली, "तुझ्या आईच्या वेळी ही भट्टी असती तर."

मंग पदर सावरत म्हणाली, "कोकी, नाय सापडलं तर रागावशील का माझ्यावर?"

कोकिळा म्हणाली, "आत्या, तू उद्या सकाळी मला शिव्या द्यायला जिवंत आहेस ना, मला पुरे."

"मी तुला कधी शिव्या दिल्या गं?"

"आज नाय दिल्या. म्हणूनच घाबरली मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सारा बोळ भट्टीपाशी. धुराडं गप्प. भिकननं पाठीवर ओलं पोतं घेतलं, हातात खरवडायची सळई घेतली आणि राखखान्याच्या दारातून पोटावर सरपटत आत शिरला. आत अजून असं तापलेलं होतं की पोत्यातून वाफ निघायला लागली. बाहेर नुसता खरखर आवाज. कोकिळेनं सरुबाईचा हात धरला होता ते तिला समजलंच नाय, सरुबाईच ओरडली, "हाड मोडशील गं माझं!" खरखर थांबली. परत सुरू. परत थांबली. मंग बराच वेळ काहीच नाय. आणि भिकनचे पाय बाहेर आले, मंग पाठ, मंग राखेनं पांढरं झालेलं डोकं. मूठ बंद.

त्याच्या मुठीत एक काळा, वेडावाकडा गोळा होता. वीट चिकटलेली, काच चिकटलेली. तो उठला, दोन पावलं आला आणि सवयीप्रमाणं तो गोळा जमिनीवर ठेवायला वाकला. लांबून ठेवायचा, मंग समोरच्यानं उचलायचा, अशीच रीत होती ना!

"खाली ठेवू नको," धुरपदाबाई म्हणाली.

भिकन वाकलेलाच थांबला.

"हातात दे, बाबा."

तिनं दोन्ही हात पुढं केले, ओंजळ करून, जसं देवळात तीर्थ घेतात तसं. भिकननं एकदा जमादाराकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि गोळा तिच्या ओंजळीत ठेवला. त्याची बोटं तिच्या हाताला लागली. बोळातल्या दोघीतिघींनी एकमेकींकडं बघितलं, पण धुरपदाबाईसमोर बोलायची कोणाची हिंमत!

कोकिळा तो गोळा घेऊन राजघाटावर गेली. तापीच्या वाळूनं घासला, चिंचेनं घासला, परत वाळूनं. पहिले काळं पाणी निघालं, मंग राखाडी, आणि मंग एका कोपऱ्यात अशी चकाकी आली, पांढरी, आणि त्या पांढऱ्यात अगदी पुसट पिवळी झाक. तेव्हा ती रडली. मनसोक्त, आवाज करून. पाण्यात धुणं धुणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "कोण गेलं गं?" तर ही म्हणते, "कोणी नाय गेलं! कोणीच नाय गेलं!"

लोटूनं गोळा वितळवून कांडी केली. सोन्याच्या पानासाठी धुरपदाबाईनं कानातली बुगडी काढून त्याच्या मांडीवर टाकली आणि वर म्हणाली, "एक शब्द बोललास तर दुसरी पण काढीन." तो बोलला नाय. रात्रंदिवस जंतरावर बसला. तीच चांदी, त्याच हातानं दुसऱ्यांदा ओढली. शेजारच्या मोमिन विणकरानं नवं रेशीम घालून शालू विणला. आधीचा काठ चार बोटांचा होता, हा भरला दोनच बोटं. पण घडी घातली ना, तर उभी राहायची!

लग्नात भिकन आणि त्याची बायको शोभा यांना बोलवायला धुरपदाबाई स्वतः गेली. ते आले, पण मांडवाबाहेरच्या लिंबाखाली बसले. धुरपदाबाई पत्रावळी घेऊन तिथंच गेली आणि त्यांच्या समोर बसून जेवली. मावा-जिलेबी तिनं भिकनला इतकी वाढली, इतकी वाढली, की तो म्हणाला, "माय, आता मलाच भट्टी समजून राहिली का तू?"

संध्याकाळी वरात निघाली. वेशीबाहेर भट्टी आली तशी धुरपदाबाईनं दमणीचे बैल थांबवायला लावले. कोकिळा खाली उतरली. तुकईथडवाले एकमेकांना विचारायला लागले की इथं कोणता देव आहे! कोकिळेनं पदर डोक्यावर घेतला, विटांना हात लावला, गरम होत्या, आणि हात कपाळाला लावून नमस्कार केला. भिकन धावत आधी येऊन पोचला होता. तिची पाठ वळायच्या आत त्यानं राखखान्याचं दार उघडलं. वारा आत गेला, भट्टी गुरगुरली, आणि बघायच्या भोकातून पिवळा उजेड थेट तिच्या काठावर पडला.

शोभा जवळ आली. "हीच का ती भट्टीतली जर?"

"हीच," कोकिळा म्हणाली, आणि पदराचं टोक तिच्या हातात दिलं.

मागून नवऱ्याचा काका कुरकुरला, "अहो, कचऱ्याच्या भट्टीपाशी नवरीला किती वेळ उभी ठेवता!"

"तुमच्या गावात आहे का अशी?" धुरपदाबाई फटकन म्हणाली. "नाय ना? मंग चुपचाप बसा. आणि घरी पोचल्यावर पहिले तुमचा उकिरडा उचला, आमची पोरगी येऊन राहिली!"